आईच्या खोलीला आणि हॉलला कार्पेट बसवायचंय, ३० हजारांत भागेल का?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला आठव्या मजल्यावर टू बीएचके आहे, हॉल ११ बाय १८, आईंची बेडरूम १० बाय १२. आई ७२ वर्षांच्या, रात्री उठल्या की व्हिट्रिफाइड टाइल्सवर पाय सरकेल अशी त्यांना धास्ती वाटते. दुकानदाराने ९० रुपये स्क्वेअर फूट दर सांगितला, तुम्ही ३१८ गुणिले ९० केले, २८,६२० आले आणि ३० हजार बाजूला काढले.

दोन्ही खोल्या ३० हजारांत होणार नाहीत. माझ्या हिशोबाने ५१ हजारांच्या घरात जाईल. आईंची खोली मात्र या पैशांत व्यवस्थित होते आणि वर दहा-अकरा हजार उरतात. मी तुर्भ्याला एका इंटिरियर कंत्राटदाराच्या ऑफिसात अकरा वर्षं एस्टिमेट काढते. बरीचशी कामं महापे-ऐरोलीच्या ऑफिसांची असतात, त्यामुळे कार्पेट रोजच्या हातातलं. नेरूळला स्वतःच्या बेडरूमलाही बसवलंय. खालचे दर माझ्या फायलीतल्या अलीकडच्या कोटेशनांमधले आहेत, तुमच्याकडे थोडे वरखाली होतील.

पहिली चूक गुणाकारात आहे आणि ती जवळजवळ सगळेच करतात. कार्पेट खोलीच्या मापाने विकत मिळत नाही, रोलच्या पन्ह्याने मिळतं. साडीवरचा ब्लाउज शिवायला टाकताना शिंपी आधी कापडाचा पन्हा विचारतो ना, अगदी तसंच. चांगल्या लवेच्या कार्पेटचा पन्हा सहसा ४ मीटर, म्हणजे १३ फूट दीड इंच. तुमचा हॉल ११ फूट रुंद. उरलेली दोन फुटांची पट्टी १८ फूट लांब कापून बाजूला पडते आणि तिचे पैसे तुम्हीच भरता. दोन्ही टोकांना तीन-तीन इंच जास्त धरायचे, कारण भिंती कागदावर असतात तितक्या सरळ नसतात. म्हणजे हॉलला साडेअठरा फूट गुणिले १३.१२, २४३ स्क्वेअर फूट. बेडरूम त्या मानाने नशीबवान आहे. १२ फुटांची बाजू पन्ह्यात बसते, लांबी साडेदहा घेतली की १३८. एकूण ३८१ स्क्वेअर फूट, ९० च्या दराने ३४,२९०. नुसत्या कापडालाच तुमचं बजेट संपलं.

याच्या पुढची गफलतही सांगून ठेवते. काही जण घराच्या ॲग्रीमेंटवरचा कार्पेट एरिया घेऊन दुकानात जातात. नाव सारखं आहे, पण २०१६ च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे त्यात घराच्या आतल्या भिंतींची जागाही मोजलेली असते. तिथे कोण कार्पेट अंथरणार? तुम्ही खोल्यांची मापं घेतलीत ते बरंच केलंत. फक्त ती टेपने, दोन-दोन ठिकाणी आणि दाराच्या खाचेपर्यंत घ्या.

आता कापडाखालचं आणि कडेचं. अंडरले, म्हणजे कार्पेटखाली घालायचा फोमचा थर, २२ रुपयांनी साधारण ३३० स्क्वेअर फूट, ७,२६०. मजुरी १५ रुपये. इथे आधीच विचारा की मजुरी खोलीच्या मापावर की कापलेल्या मालावर. ३१८ वर ४,७७० होतात आणि ३८१ वर ५,७१५. बहुतेक जण दुसरा आकडा लावतात, म्हणून मी तोच धरते. दारांच्या उंबऱ्यापाशी, जिथे कार्पेट संपून टाइल सुरू होते, तिथे ॲल्युमिनियमची पट्टी लागते. तुमच्या दोन खोल्यांना पाच ठिकाणी तरी लागेल, प्रत्येकी २५० म्हणजे १,२५०. कार्पेट आणि अंडरले मिळून जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते, मग आत उघडणारी दारं घासायला लागतात. सुताराला बोलावून दोन दारं खालून रंधून घ्यायची, ८००. टेम्पो आणि हमाली १,५००. सगळं मिळून ५०,८१५. यावर जीएसटी वेगळा की धरून, ते कोटेशनवरच लिहून घ्या, तोंडी नको.

हमालीचं थोडं सविस्तर सांगते, कारण टॉवरमध्ये राहणाऱ्यांना ही गोष्ट ऐनवेळी कळते. तेरा फुटी रोल लिफ्टमध्ये जात नाही. आमच्या एका कामाला दोन माणसं तो खांद्यावर घेऊन जिन्याने चढली आणि प्रत्येक वळणावर रोल उभा करून फिरवावा लागला. चौथ्या मजल्यावर एका कठड्याला घासून कड उसवली ती उसवलीच. त्यामुळे माल दुकानातच खोलीच्या मापाला कापून, घडी न पाडता सैलसर गुंडाळून आणायला सांगा. सोसायटीत कामाच्या वेळा आणि डिपॉझिटचे नियम काय आहेत ते सेक्रेटरींना आदल्या आठवड्यात विचारून ठेवा. शनिवारी दुपारी काम बंद करा म्हटलं तर कारागिराचा दुसऱ्या दिवसाचा फेरा तुमच्या बिलात येतो.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग करू काय? माझं प्रामाणिक मत असं की हॉल आत्ता सोडा. तुमचा मूळ प्रश्न आईंच्या पायाचा आहे. त्यांची रात्रीची वाट पलंगापासून टॉयलेटपर्यंतची, आणि टॉयलेट त्याच खोलीला लागून असेल तर पैसा तिथेच लावायला हवा. हॉलमध्ये स्वस्तात एखादा सुटा गालिचा टाकून द्यावा असंही मनात येईल. कृपा करून तो त्यांच्या चालण्याच्या वाटेत टाकू नका. सुट्या गालिच्याची दुमडलेली कड टाइलपेक्षा जास्त धोक्याची. माझ्या सासूबाई अशाच एका कडेला अडखळल्या आणि तीन महिने मनगट प्लास्टरमध्ये होतं. टाकायचाच तर टीपॉयखाली, खाली न सरकणारी जाळी घालून.

आईंच्या खोलीला रोलऐवजी कार्पेट टाइल्स बघा. ऑफिसांत असतात त्या, ५० सेंटिमीटर चौरसाच्या. लोकांना त्या घरात रूक्ष वाटतात आणि ते खोटं नाही. पण हिशोब बघा. एका बॉक्समध्ये २० टाइल्स, म्हणजे ५ चौरस मीटर. तुमची खोली ११.१५ चौरस मीटर, कापाकापी धरून ४९ टाइल्स लागतील, म्हणजे ३ बॉक्स घ्यायचे. ९५ रुपये स्क्वेअर फुटाने १५,२९५. रोल घेतलात तर त्या खोलीला कापड १२,४२० आणि अंडरले २,७५०, मिळून १५,१७०. फरक सव्वाशे रुपयांचा! टाइलला स्वतःचीच जाड पाठ असते, वेगळं अंडरले लागत नाही. मजुरी १२ रुपयांनी १,४४०, गम ६००, दोन पट्ट्या ५००, टेम्पो ८००. एकूण १८,६३५. टाइल पातळ असते, बहुतेक दारं न रंधता निघून जातात, आणि बॉक्स लिफ्टमधून येतात.

खरा फायदा पुढे आहे. टॉयलेटच्या दारापाशी कार्पेट ओलं होणारच, कितीही पायपुसणं टाका. रोल असेल तर तिथे डाग पडतो, वास धरतो आणि एका फुटासाठी सगळी खोली जुनी दिसायला लागते. टाइल असेल तर त्या दोन-तीन उचलायच्या, गॅलरीत वाळवायच्या, नाहीतर उरलेल्या अकरांमधल्या नव्या लावायच्या. म्हणून उरलेल्या टाइल्स दुकानदाराला परत देऊ नका. पुढच्या लॉटमध्ये तोच रंग थोडा वेगळा येतो. गम मात्र टाइल पुन्हा सुटेल असाच वापरायला सांगा. पक्का लावला तर एक टाइल काढताना शेजारची फाटते आणि खालच्या फरशीवरचे डाग खरवडत बसावं लागतं.

आईंसाठी घेताय तर मऊ, उंच लवेच्या मोहात पडू नका. हाताला ते फार छान लागतं, पण काठी टेकणाऱ्याची काठी त्यात रुतते आणि पाऊल नीट उचललं जात नाही. आखूड, घट्ट लूपचं, म्हणजे लवेचे फासे न कापलेलं घ्या. स्वस्तही पडतं आणि टिकतंही जास्त. रंग फरशीपेक्षा थोडा वेगळा असू द्या, म्हणजे अंधुक उजेडात कार्पेट कुठे संपतं ते त्यांना दिसेल.

आता पावसाळा. आम्ही नेरूळच्या घरी मे महिन्यात कार्पेट बसवलं, इथेच चुकलं. जुलैत स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं धुळीने बुजलेली होती, पाणी आतल्या बाजूला उतरलं. दोन दिवस काही दिसलंच नाही, फक्त खोलीत शिरलं की ओल्या गोणपाटासारखा वास. कड उचलली तर खालचा फोम स्पंजसारखा पाण्याने भरलेला, दाबला की बोटांमधून पाणी गळत होतं. दीड फुटाची पट्टी फेकावी लागली, चार दिवस पंखा लावून कार्पेट वाळवलं, तरी भिंतीलगत तांबूस रेघ राहिली ती आजही आहे. १,८०० रुपये गेले आणि चिडचीड वेगळी. तुम्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काम काढा. भिंती वाळलेल्या असतात आणि कुठे ओल आली होती ते त्या पावसात दिसून गेलेलं असतं. खिडकीखालचा रंग पोपडे धरतोय का, बाथरूमलगतच्या भिंतीची स्कर्टिंग फुगलीय का, हे आधी बघा. तसं असेल तर कार्पेटचे पैसे तूर्त वॉटरप्रूफिंगला लावा.

घरात कुणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर ही गोष्ट डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका. धुळीतले बारीक किडे दमट हवेत वाढतात आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा दमटच असते. व्हॅक्यूम क्लीनर नसेल तर तोही बजेटमध्ये धरा. केरसुणीने कार्पेटमधली धूळ निघत नाही, आत जाऊन बसते.

तुमच्याकडे उरणारे अकरा हजार कुठे घालायचे ते विचारलं नाहीत, पण सांगते. टॉयलेटमध्ये स्टीलची धरायची दांडी, पलंगापाशी माणूस हलला की लागणारा छोटा दिवा, आणि मग व्हॅक्यूम क्लीनर. याच क्रमाने.

ॲडव्हान्स देण्याआधी दुकानदाराकडून दोन-तीन सॅम्पल टाइल्स घरी आणा. विश्वासाचा असेल तर देतो, फार तर डिपॉझिट मागेल. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने त्या पलंगाशी घट्ट बसवा आणि दोन रात्री आईंना त्यावरूनच उठू-बसू द्या, रोज घालतात त्या सपाता घालून आणि अनवाणीही. त्यांना कुठली आवडली ते त्यांनाच विचारा.