डिप्रेशनमधला भाऊ "पुढचं काही दिसतच नाही" म्हणतो. काळजी करावी का?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ औषधं घेतोय, रडत-बिडत नाही, पण हे वाक्य सारखं येतं. काळजी करा. रडण्यापेक्षा या वाक्याची जास्त करा.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांच्या गटाने 1974 मध्ये निराशा मोजायला 20 विधानांची प्रश्नावली केली. प्रत्येक विधान बरोबर की चूक, एवढंच सांगायचं; गुण जितके जास्त, तितकी निराशा जास्त. आत्महत्येचे विचार असलेल्या, रुग्णालयात दाखल 207 जणांचा त्यांनी पुढे 5 ते 10 वर्षं मागोवा घेतला. त्यात 14 जण आत्महत्येने गेले, आणि 10 किंवा जास्त गुणांच्या खुणेने त्यातले 91 टक्के आधीच ओळखू आले असते. पण जास्त गुण पडलेले बहुतेक जण जगलेच. म्हणून इंटरनेटवरची चाचणी भरून घेऊन त्या आकड्यावर निश्चिंत होऊ नका, घाबरूनही जाऊ नका.

मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू मॅक्लाउड यांचं काम मला जास्त उपयोगाचं वाटतं. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांना ते विचारत: पुढचा आठवडा, पुढचं वर्ष, पुढची 5-10 वर्षं, यांत काय काय घडेल असं वाटतं? वेळ ठरलेला, सुचेल तेवढं सांगायचं. वाईट गोष्टी त्यांनी इतरांइतक्याच सांगितल्या. चांगल्या मात्र कमी. म्हणजे भीती वाढलेली नसते, वाट बघण्यासारखं काही उरलेलं नसतं. "एवढा वाईट विचार करू नकोस" म्हणून समजावलं की नेम चुकतो तो इथेच.

त्याला विचारा, "या आठवड्यात कशाची वाट बघतोयस?" "बघू, होईल ठीक" हे उत्तर नव्हे. "गुरुवारी मित्राकडे मॅच बघायला जायचंय" हे उत्तर. तसं काही नसेल तर दोघांनी मिळून एकच गोष्ट ठरवा: वार, वेळ, सोबत कोण. करिअर-लग्नाचा विषय सध्या नको.

आणि सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, औषधांचा साठा नि शेतीची कीटकनाशकं घराबाहेर दुसऱ्याच्या ताब्यात द्या, त्याच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. लगेच धोका वाटला तर 112 लावा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आणि 24 तास चालू असतो. मराठीतही बोलतात, आणि घरच्यांनी केलेला फोनही घेतात.