खांद्याला झेपेल तीच बंदूक घ्या

ताई, परवाना हातात आला म्हणून लगेच बारा बोअर उचलू नका. बोअर म्हणजे छर्र्याच्या बंदुकीच्या नळीचं माप, आकडा लहान तेवढी नळी रुंद. मी सुरुवातीलाच 32 ग्रॅम छर्र्यांची काडतुसं झाडली. खांदा काळानिळा झाला तो आठवड्यात बरा झाला, पण चाप ओढण्याआधी डोळे मिटायची खोड जायला वर्ष गेलं.

वीस बोअर बघा. फुलासारखी हलकी बंदूक मात्र नको. वजन कमी तेवढा धक्का जास्त. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, लांब असेल तर तो खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर आपटतो. दुकानातच कोपर काटकोनात वाकवून दस्ता आतल्या बाजूला टेकवा, बोट चापापर्यंत सहज पोचलं पाहिजे. मागे रबराची जाड गादी हवीच. घरात बारा बोअरच असेल तर 24 ग्रॅमचं काडतूस वापरा, फरक लगेच कळेल.

आणि दोन्ही बोअरची काडतुसं एका डब्यात कधीच ठेवू नका. विसाचं काडतूस बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं, मागून दुसरं भरून झाडलं तर नळी फुटते.

गोव्यातल्या आपल्या सत्तरी तालुक्याच्या पावसात नळी आठवड्याला तेलाच्या फडक्याने पुसा, आणि बंदूक कुलपातच ठेवा.