हवेच्या प्रादेशिक प्राधिकरणाच्या प्रमुखाला प्रत्यक्षात काय करता येते?

आपण विचारले आहे की, मुंबई महानगर प्रदेशाच्या हवेसाठी एकच स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले तर त्याच्या प्रमुखाला खरोखर काही करता येईल, की ते केवळ पत्रव्यवहाराचे आणखी एक कार्यालय ठरेल. मी मूळचा डोंबिवलीचा, रासायनिक अभियंता असून गेली वीसहून अधिक वर्षे दक्षिण कॅलिफोर्नियात कारखान्यांच्या हवा-परवान्यांसंबंधी सल्लागार म्हणून काम करतो. अशा संस्थेचे नेतृत्व मी कधी केलेले नाही. परंतु या कामाचा जगातील सर्वांत दीर्घ अनुभव असलेल्या संस्थांपैकी एकीच्या दारात, कधी अर्जदाराच्या वतीने तर कधी साधा नागरिक म्हणून, मी पुष्कळदा उभा राहिलो आहे. त्यातून माझे मत असे झाले आहे की, प्रमुखाच्या हाती हुकमाची सत्ता फार थोडी असते, मोजमापाची सत्ता मात्र मोठी असते, आणि ती दुसरी सत्ता तो कशी सांभाळतो यावरच त्याची कारकीर्द तोलली जाते.

ही संस्था म्हणजे साउथ कोस्ट एअर क्वालिटी मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट. ऑरेंज काउंटी (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) पूर्ण आणि लॉस एंजेलिस, रिव्हरसाइड व सॅन बर्नार्डिनो या तीन काउंट्यांचा दाट वस्तीचा भाग मिळून सुमारे १ कोटी ७० लाख लोकांची हवा तिच्या कक्षेत येते. तिचे मुख्यालय डायमंड बार या गावी आहे. १९७७ मध्ये चार काउंट्यांच्या वेगवेगळ्या यंत्रणा एकत्र करून ती उभी करण्यात आली आणि त्यामागचे कारण भूगोलात होते. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला व पूर्वेला डोंगर आणि वर उष्ण हवेचे झाकण, अशा या खोऱ्यात किनाऱ्यालगतच्या शहरांतून सकाळी निघालेला धूर समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर आत सरकतो, उन्हात शिजतो आणि दुपारनंतर ओझोन हा श्वासाला घातक वायू होऊन डोंगरपायथ्याच्या गावांवर उतरतो. क्रेस्टलाइनसारख्या डोंगरावरच्या लहानशा वस्तीत ओझोनचे आकडे खोऱ्यातील सर्वांत वाईटांपैकी असतात. तिथल्या लोकांनी त्यासाठी काहीही जाळलेले नसते. ज्याच्या हद्दीत धूर निघतो आणि ज्याच्या हद्दीत तो श्वासात जातो, ते दोघे एकाच कार्यालयाला उत्तरदायी असावेत, एवढाच प्रादेशिक संस्थेचा मूळ हेतू आहे.

मोजमापाला मी इतके महत्त्व का देतो, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर असे धुरके उतरले की लोकांचे डोळे झोंबू लागले, आणि संशय शहरातल्या कृत्रिम रबराच्या कारखान्यावर गेला. त्या कारखान्याला आवर घातल्यावरही धुरके येतच राहिले. १९४७ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीची स्वतंत्र यंत्रणा निघाली. तिचे पहिले प्रमुख लुई मॅककेब अमेरिकेच्या खाण विभागातून आले होते, आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्यांचा भर गंधकाच्या धुरावर होता. तेलशुद्धीकरण कारखान्यांचे गंधक कमी झाले, तरी डोळ्यांची आग थांबली नाही. पुढे कॅलटेक या कॅलिफोर्नियातील विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेतील जीवरसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले की, पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो, म्हणजे दोषाचा मोठा वाटा प्रत्येकाच्या दारात उभ्या असलेल्या मोटारीचा होता. तेल उद्योगाने या निष्कर्षाला वर्षानुवर्षे विरोध केला. मला यातून असे दिसते की, निदान चुकले तर प्रामाणिक आणि कडक प्रमुखसुद्धा चुकीच्या माणसाला शिक्षा करत बसतो, आणि लोकांचा धीर त्याच काळात सुटतो.

आता अधिकारांविषयी. साउथ कोस्टच्या प्रमुखाची, म्हणजे कार्यकारी अधिकाऱ्याची, मुख्य सत्ता एका जागी उभ्या असलेल्या स्रोतांवर चालते: बॉयलर, भट्ट्या, रंगकामाची दालने, पेट्रोलपंप, शुद्धीकरण कारखाने. मोटारी आणि ट्रक प्रामुख्याने राज्याच्या हवा मंडळाकडे येतात. जहाजे, विमाने आणि रेल्वेची इंजिने बहुतांशी केंद्र सरकारकडे. ओझोनला कारण ठरणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांपैकी मात्र ८० टक्क्यांहून अधिक भाग याच चालत्या स्रोतांतून येतो. उद्दिष्ट गाठण्याची जबाबदारी या संस्थेची, चुकल्यास रस्त्यांचा केंद्रीय निधी अडकण्याची टांगती तलवार याच प्रदेशावर, आणि बहुतेक स्रोत दुसऱ्याच्या ताब्यात! डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यानुसार २०३७ पर्यंत ओझोनचे मानक गाठायचे असेल, तर आधीच ठरलेल्या नियमांनी जेवढी घट होणार आहे तिच्याही पुढे नायट्रोजनची ऑक्साइडे ६७ टक्क्यांनी कमी करावी लागतील. त्यात २०२५ च्या जूनमध्ये राज्याचे ट्रक व मोटारींविषयीचे कडक नियम लागू करण्याची परवानगी वॉशिंग्टनने, म्हणजे केंद्र सरकारने, काढून घेतली, आणि राज्य त्याविरुद्ध न्यायालयात गेले. ज्या पायावर आराखडा बांधला, तोच दुसऱ्या कोणी हलवला तरी उत्तर देण्यासाठी माईकसमोर यायचे ते या प्रमुखानेच.

अशा स्थितीत चांगले नेतृत्व काय करते, याचे मला सर्वांत शिकण्यासारखे वाटणारे उदाहरण डिझेलचे आहे. संस्थेने १९९८-९९ मध्ये खोऱ्यात ठिकठिकाणी हवेतील विषारी द्रव्ये मोजली आणि त्यातून निघाले की, त्या हवेमुळे होणाऱ्या कर्करोगाच्या धोक्यापैकी सुमारे ७० टक्के वाटा एकट्या डिझेलच्या काजळीचा आहे. या आकड्यामुळे चर्चेचा रोखच बदलला. संस्थेने लगेच नियम केले की, बस, कचरागाड्या, रस्ते झाडण्याच्या गाड्या अशा मोठ्या ताफ्यांच्या मालकांनी नवीन वाहने घेताना स्वच्छ इंधनाचीच घ्यावीत. इंजिन उत्पादकांनी खटला भरला आणि २००४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने सांगितले की, काय विकत घ्यावे हे ठरवणे म्हणजेही वाहनांचे मानक ठरवणे होय, आणि तो अधिकार केंद्राचा आहे. शासकीय ताफ्यांपुरते नियम पुढे तरले, खासगी ताफे हातातून गेले.

इथे एखादा प्रमुख खचला असता. या संस्थेने दुसरी वाट शोधण्यात बरीच वर्षे घालवली, आणि २०२१ च्या मे महिन्यात नऊ विरुद्ध चार मतांनी गोदामांचा नियम मंजूर झाला. ट्रकला हात लावता येत नसेल, तर ट्रक ज्या इमारतीमुळे येतात तिला लावावा, असे त्यामागचे सूत्र आहे. एक लाख चौरस फुटांच्या आणि त्याहून मोठ्या गोदामांच्या चालकांनी दरवर्षी ठरावीक गुण मिळवायचे. विजेवरचे ट्रक बोलावून, चार्जिंगची सोय करून, छतावर सौर पॅनेल बसवून, आणि काहीच जमले नाही तर शुल्क भरून. कोविडमुळे ती सुनावणी पडद्यावर झाली आणि मी ती तासन्‌तास पाहिली. एकीकडे वाहतूकदार आपल्या कर्जाचे हप्ते सांगत होते आणि दुसरीकडे गोदामांच्या भिंतीला भिंत लागून राहणारे लोक मुलांच्या दम्याबद्दल बोलत होते. प्रत्येकाला मोजकीच मिनिटे. या नियमावरही खटला झाला, परंतु डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय जिल्हा न्यायालयाने तो वैध ठरवला. डिझेलच्या मोजणीपासून या निकालापर्यंत पाव शतक गेले. ज्यांनी त्या मोजणीच्या वेळी हवेतील कण टिपणारी गाळणपत्रे गोळा केली, त्यांच्यापैकी अनेक जण तोवर निवृत्त झाले असतील, आणि तरीही त्यांच्या नोंदी टिकल्या म्हणूनच पुढचे सारे शक्य झाले.

मतांचा उल्लेख मी मुद्दाम केला. नियम करण्याचा अधिकार प्रमुखाचा नसून १३ सदस्यांच्या नियामक मंडळाचा आहे. त्यांपैकी १० जण काउंट्यांचे व शहरांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात आणि तिघांची नेमणूक राज्यपाल व विधिमंडळाची दोन सभागृहे करतात. म्हणून प्रत्येक प्रस्तावाच्या वेळी प्रमुखाला सात मते जमवावी लागतात, आणि त्याची स्वतःची नोकरीही त्याच सात मतांवर असते. बॅरी वॉलरस्टाइन १९९७ पासून जवळजवळ दोन दशके या पदावर होते. डिसेंबर २०१५ मध्ये शुद्धीकरण कारखान्यांच्या उत्सर्जनाविषयी कर्मचाऱ्यांनी मांडलेला कडक प्रस्ताव बाजूला ठेवून मंडळाने उद्योगाला मान्य असलेला प्रस्ताव स्वीकारला. मार्च २०१६ मध्ये मंडळाने बंद दाराआड सात विरुद्ध सहा मतांनी वॉलरस्टाइन यांना पदावरून दूर केले. त्यांच्या जागी आलेले वेन नॅस्ट्री पूर्वी केंद्रीय पर्यावरण संस्थेचे पश्चिम विभागाचे प्रशासक होते, आणि गोदामांचा नियम त्यांच्याच कारकिर्दीत झाला. त्यांनाही अपयश चुकले नाही: घरगुती गॅसच्या भट्ट्या व पाणी तापवण्याची उपकरणे हळूहळू बदलण्याचा प्रस्ताव, बराच सौम्य करूनही, जून २०२५ मध्ये सात विरुद्ध पाच मतांनी फेटाळला गेला. मला या फेटाळण्याचे वाईट वाटले, हे मी लपवत नाही. तरीही लोकांनी निवडलेल्या माणसांनी, उघड सभेत, ज्याचे त्याचे मत नोंदवून तो निर्णय घेतला, ही गोष्ट मी कमी लेखणार नाही.

रोजच्या कामाविषयी थोडेच लिहितो. हजारो परवाने, तपासण्या, दुर्गंधीच्या तक्रारी हे चालूच असते. दोन बाबी मात्र आपल्याकडच्या वाचकाला नवीन वाटतील. पहिली अशी की, नियमातून तात्पुरती सूट देण्याचा अधिकार प्रमुखाकडे नाही. त्यासाठी पाच सदस्यांचे वेगळे सुनावणी मंडळ आहे आणि तिथे प्रमुखाचे वकील व कारखान्याचे वकील समोरासमोर उभे राहतात. साहेबांच्या दालनात जाऊन मुदत वाढवून आणण्याची सोयच नाही. माझ्या एका अशिलाचा, लाकडी सामानावर रंग चढवणाऱ्या लहान कारखानदाराचा, यावर सुरुवातीला विश्वास बसत नव्हता. दुसरी बाब पैशाची. संस्थेचा बराचसा खर्च कारखान्यांच्या परवाना व उत्सर्जन शुल्कातून आणि वाहन नोंदणीवरील अधिभारातून भागतो. हवा जसजशी स्वच्छ होते, तसतसे उत्सर्जनावरचे शुल्क आटते. उत्तम काम करणाऱ्या प्रमुखासमोर पगार भागवण्याचा प्रश्न उभा राहतो. आणि नियमांची किंमत कोणालातरी मोजावी लागते, हेही खरे आहे. १९९० च्या सुमारास रंगांवरील निर्बंध कडक झाले तेव्हा काही फर्निचर कारखाने सीमेपलीकडे मेक्सिकोत गेले. जो प्रमुख ही किंमत नाकारतो, त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही लोक विश्वास ठेवत नाहीत.

भारतात या प्रकारची संस्था दिल्ली परिसरासाठी आहे. २०२० च्या अध्यादेशाने आणि नंतर २०२१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या तिथल्या वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाला दिल्लीसह पंजाब, हरियाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेश यांना आदेश देता येतात. आदेश मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कागदावर ही सत्ता साउथ कोस्टच्या प्रमुखाला हेवा वाटावा अशी आहे. परंतु अंमलबजावणी मुख्यतः राज्यांच्या यंत्रणांमार्फतच व्हायची असल्याने, सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या आयोगाच्या निष्क्रियतेवर कडक शब्दांत बोलावे लागले.

मुंबई महानगर प्रदेशात आज नऊ महानगरपालिका आहेत, त्यांच्या डोक्यावर १९७० पासूनचे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून हवेची दखल घेतलेली आहे. उरणच्या बंदरातून निघालेला कंटेनर भिवंडीच्या गोदामात पोहोचेपर्यंत तो किती नगरपालिकांच्या हद्दी ओलांडतो, हे आपण नकाशावर पाहावे. गोदामांच्या नियमाची गरज साउथ कोस्टमधील फोंटाना या गोदामांच्या शहराइतकीच तिथेही आहे. डोंबिवलीत २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला तेव्हा माझे आईवडील तिथेच राहत होते, आणि फोनवर आईने विचारलेला प्रश्न एवढाच होता की, हे नेमके काय आहे ते कोण सांगेल. नव्या प्राधिकरणाच्या प्रमुखाने पहिली दोन वर्षे या प्रश्नाचे उत्तर देण्याची व्यवस्था उभारण्यात घालवावीत, असे मला वाटते: स्वतःची प्रयोगशाळा, स्वतःचे तपासनीस, भिवंडी-तळोजा-माहुल येथे कायमची मोजणी केंद्रे आणि त्यांचे आकडे कोणाच्याही परवानगीशिवाय त्याच दिवशी जाहीर करण्याचा कायदेशीर हक्क. असा कायद्याचा मसुदा कधी समोर आला, तर दंडाचे कलम मी शेवटी वाचेन. आकडे रोखण्याचा अधिकार कोणाला दिला आहे, आणि प्रमुखाला मुदतीआधी कोण, कोणत्या लेखी कारणासाठी दूर करू शकतो, ही दोन कलमे सर्वांत आधी.