आर्मीतला नर्सिंग असिस्टंट पेन्शननंतर सिव्हिलमध्ये नर्स होऊ शकतो का?

जय हिंद. तुम्ही लिहिलंय की आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट आहात, वय 33, सर्व्हिस पंधरा वर्षांच्या जवळ आली आहे आणि बाहेर पडून हेच काम करायचं आहे. मीही त्याच ट्रेडचा. आज पुण्यात एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत रजिस्टर्ड नर्स आहे. नर्स होता येतं, पण आधी वयाचा हिशोब करा.

आपला आर्मीतला नर्सिंग असिस्टंटचा क्लास वन कोर्स कितीही चांगला असला तरी त्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीशिवाय सिव्हिलमध्ये कुणी तुम्हाला नर्स म्हणून घेऊ शकत नाही. त्यासाठी जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा (3 वर्षं) किंवा बीएस्सी नर्सिंग (4 वर्षं) नव्यानेच करावं लागतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात दोन्हींच्या प्रवेशाला वयाची वरची मर्यादा 35 आहे. जवान सर्व्हिसची 17 वर्षं पुरी करून घरी येतो तेव्हा बहुतेकदा तिथेच अडकतो. पेन्शन मात्र 15 वर्षांना लागू होते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नर्सिंगच करायचं पक्कं असेल तर पंधरा पुरी होताच डिस्चार्जचा अर्ज द्या, पुढच्या प्रमोशनची वाट बघू नका. मी तेच केलं. पेन्शनवर घर चाललं आणि शिकता आलं.

पंधरा वर्षांच्या सर्व्हिसवर ग्रॅज्युएशनच्या बरोबरीचं जे सर्टिफिकेट मिळतं, त्याच्या भरवशावर राहू नका. तांत्रिक शिक्षण लागत नाही अशाच पदांना ते चालतं. नर्सिंगला त्याचा काही उपयोग नाही.

शिकायला बसल्यावर काय वाटेल तेही सांगतो. बटालियनच्या एमआय रूममध्ये, म्हणजे तपासणीच्या दवाखान्यात, आपला पेशंट म्हणजे तरणाताठा, धडधाकट माणूस. शीर हाताला लागते, ताप उतरला की तो परत परेडला जातो. नर्सिंग स्कूलने मला लेबर रूममध्ये उभं केलं, वजनावरून बाळाचा डोस काढायला लावलं, ज्यांची कातडी कागदासारखी फाटते अशा आजींना कूस बदलून द्यायला शिकवलं. यातलं फारसं काही मला येत नव्हतं. आरएमओसाहेब (बटालियनचे डॉक्टर) सांगतील ते चटकन करायची सवय होती. इथे डॉक्टरांच्या ऑर्डरमधला डोस जास्त वाटला तर औषध थांबवून विचारणं हेच नर्सचं काम आहे. हा बदल मला सगळ्यात जड गेला आणि सगळ्यात मोलाचाही तोच वाटतो. शिवाय सिव्हिलमध्ये प्रत्येक बेडमागे घाबरलेलं अख्खं कुटुंब असतं. त्यांच्याशी आवाज न चढवता, पुन्हा पुन्हा तेच समजावून बोलावं लागतं.

आपल्याकडे जे असतं त्याची इथे खरी कदर होते. कोड ब्लू झाला, म्हणजे पेशंटचं हृदय किंवा श्वास बंद पडला, की हात थरथरत नाहीत, नाईटची कुरकुर नसते, पुढच्या शिफ्टला दिलेला हँडओव्हर नेमका असतो. माझ्या इन्चार्ज सिस्टर माझ्याहून बऱ्याच लहान आहेत आणि कामात माझ्याहून सरस. त्यांना ‘मॅडम’ म्हणताना रँक आठवू देऊ नका.

पुरुषांच्या अडचणीही आहेत. काही नर्सिंग कॉलेजं फक्त मुलींनाच घेतात, तेव्हा फॉर्म भरण्याआधी फोन करून विचारा. एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग ऑफिसर भरतीत पुरुषांना 20 टक्केच जागा आहेत. राज्याच्या अधिपरिचारिका (सरकारी स्टाफ नर्स) भरतीत माजी सैनिकांना समांतर आरक्षण असतं, पण नोंदणी तिथेही लागतेच.

तीन वर्षं शिकणं घरच्या परिस्थितीमुळे शक्यच नसेल, तर ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकच्या जाहिराती बघा. तिथे नर्सिंग असिस्टंटच्या पदाला जीएनएम किंवा सैन्यदलाचा क्लास वन कोर्स, यांपैकी एक चालतं. अनुभव मागतात, तो आपल्याकडे असतो. नोकरी कंत्राटी आहे, पण आपल्याच माणसांची सेवा आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करा.

या सुट्टीत गावी आलात की बारावीची मार्कशीट बघा. बीएस्सीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं. आपली भरतीच त्या विषयांवर होते, त्यामुळे बहुधा अडणार नाही. जीएनएमला शाखेची अट नाही, पण इंग्रजी हवंच. राज्याच्या नर्सिंग सीईटीचा (प्रवेश परीक्षेचा) फॉर्म नोकरीत असतानाच भरावा लागेल, म्हणून युनिटमध्ये आत्ताच बोलून ठेवा.