ताटावरची प्रार्थना

मूळच्या वसईच्या, आता टोरांटोत राहणाऱ्या एका बाईंचा मेल आला आहे. दोघं नवरा-बायको चर्चच्या कामात पुढे, पोटची दोन मुलं, आणि वर्षापूर्वी महाराष्ट्रातल्या एका संस्थेतून सहा वर्षांची मुलगी दत्तक घेतलेली. लिहितात, ‘आम्ही तिला देवाचं देणं म्हणून घरी आणलं. ती मात्र रात्री संस्थेतल्या ताईंच्या नावानं रडते, प्रार्थनेला बसत नाही, कपाटात खाणं लपवते. आमच्या प्रेमात काय कमी पडलं? की पोरीला उपकाराची जाणीवच नाही?’

शेवटचं वाक्य बाईंनी दोनदा तरी खोडलं असणार. पण लिहिलं ते बरं झालं. दत्तक गेलेल्या मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलणं हे माझं काम. हा प्रश्न मला फार घरांतून येतो, बहुतेक जण तो आडून आडून विचारतात.

उत्तरादाखल मिशिगनमधल्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. मुलीला इथे मंगल म्हणू.

मंगल सातव्या वर्षी अमेरिकेला गेली. आपल्याकडे दत्तक द्यायच्या मुलासाठी आधी भारतातलं किंवा परदेशस्थ भारतीयांचं घर शोधतात, तिथे जमलं नाही तर परदेशी कुटुंबांचा विचार होतो. त्यामुळे बाहेर जाणारी मुलं बरीचशी वयानं मोठी, भावंडांच्या जोड्यांतली किंवा काही दुखणं-व्यंग असलेली असतात. मंगल ‘मोठी’ म्हणून मागे राहिली होती. सात वर्षांची पोर, आणि मोठी! गेल्यावर दोन वर्षं तिथल्या एजन्सीनं इकडे रिपोर्ट पाठवायचे असतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. तिसऱ्या रिपोर्टात तिथल्या सोशल वर्करनं लिहिलं होतं की मूल जेवणाच्या वेळी हट्टाला पेटतं. मराठी बोलणारं कुणी हवं म्हणून इथल्या संस्थेनं मला गाठलं.

पुण्यात संध्याकाळचे साडेसात, तिकडे सकाळचे दहा. स्क्रीनवर मंगलची तिथली आई होती. घरात आणखी तीन मुलं, मागे स्वयंपाकघराच्या भिंतीवर फ्रेम केलेलं बायबलमधलं वचन. बाई सांगत होत्या आणि मध्येच रडत होत्या. रात्री सगळे एकमेकांचे हात धरून जेवणाआधीची प्रार्थना करतात. वडील म्हणतात, ‘देवा, तू ग्रेसला आमच्या घरी आणलंस, तुझे आभार.’ ग्रेस हे त्यांनी ठेवलेलं नाव, मंगल हे मधलं. आभार आले की मुलगी हात काढून घेते. एकदा ताट ढकलून उठली. ‘ती जन्मायच्या आधीच देवानं तिला आमच्यासाठी निवडलं होतं, हे आम्ही तिला रोज सांगतो,’ बाई म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या.

मग मुलगी एकटी समोर आली. तिथे जाऊन दहा महिने झाले होते. मी मराठीत विचारत होते, ती मान हलवत होती, नाहीतर इंग्रजीत एक शब्द टाकत होती. त्या दिवशी मला जेवायला उशीर झालेला, म्हणून पोह्यांची बशी पुढ्यात घेऊन बसले होते. तिची नजर बशीवर.

‘शेंगदाणे आहेत त्यात?’

तेवढं एकच वाक्य, पण मराठीत.

इथे जरा आडवळणाला जाते. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. आमची पणजी 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून दौंडजवळच्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात आलेली. पुढे तिनं मराठीत संसार केला, मराठीत गीतं गायली, गावाचं नाव कधी कुणाला सांगितलं नाही. पण आजी सांगायची, कोंबड्यांना दाणे टाकताना ती ज्या भाषेत बोलायची ती घरात कुणालाच येत नव्हती. मंगलचं ‘शेंगदाणे’ ऐकलं आणि मला त्या कोंबड्या आठवल्या.

दुसऱ्या भेटीत ती आपणहून बोलली.

‘देवानं मला इथे आणलं ना?’

‘असं ते म्हणतात.’

‘मग, हिला सोडून दे, असं आईला पण त्यानंच सांगितलं?’

पंचवीस वर्षं हे काम करते आहे. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि नव्हतं तेच बरं. मी गप्प राहिले म्हणून ती पुढे बोलली. ‘चर्चमध्ये मला अनाथ म्हणतात. मी अनाथ नाहीये. माझी आई आहे.’

मग तिनं एस.टी. सांगितली. खिडकीची जागा. कंडक्टरनं विचारलं, पोरीचं वय किती? आई म्हणाली, पाच नाही झाली. ‘झाली होती मला पाच,’ मंगल म्हणाली. कंडक्टर ऐकेना, त्यानं हाफ तिकीट घ्यायला लावलं. मग स्टँडवर उतरल्यावर वडापावला पैसे उरले नाहीत. त्या दिवशी दुपारी ती संस्थेत आली. मिशिगनच्या घरात तिच्या उशीखाली ब्रेडचे तुकडे सापडत होते, ते घरच्यांना चोरी वाटत होते.

फाईल मी पाहिली होती. वडील वारलेले, आईनं बालकल्याण समितीपुढे मूल स्वाधीन केलेलं. अशा आईला कायदा विचार बदलायला साठ दिवस देतो. साठ दिवसांत कुणी आलं नाही, एवढं फाईल सांगते. का आलं नाही, ते सांगत नाही. कायद्यात अनाथ वेगळं, टाकलेलं वेगळं, स्वाधीन केलेलं वेगळं. विमानात बसलं की तिन्हींचं मिळून एकच होतं, अनाथ. युनिसेफच्या 2015 च्या आकड्यांत जगभरची अनाथ मुलं सुमारे 14 कोटी, पण आईवडील दोघंही गेलेली त्यात दीड कोटीच. बाकीच्यांचं कुणी ना कुणी आहे.

मिशिगनचं हे घर मुलखावेगळं नाही. ऑरेगनच्या होल्ट नावाच्या शेतकरी जोडप्यानं 1955 मध्ये युद्धानंतरच्या कोरियातून आठ मुलं दत्तक घेतली, श्रद्धेपोटीच, आणि तिथून अमेरिकन ख्रिस्ती घरांत ही वाट रुळली. कित्येक मुलांना, ज्यांच्याकडे आपल्या इथे कुणी ढुंकून पाहिलं नसतं, त्या घरांनी मायेनं वाढवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ‘अनाथ’ या शब्दाची चौकशी करायची राहून गेली. 2010 च्या भूकंपानंतर हैतीतून 33 मुलं सीमेपलीकडे न्यायला निघालेले अमेरिकन बॅप्टिस्ट स्वयंसेवक पकडले गेले, तेव्हा कळलं की त्यातल्या बहुतेकांचे आईबाप जिवंत होते. कोरियाच्या सत्यशोधन आयोगानं तर 2025 मध्ये सरकारवरच ठपका ठेवला: कागदोपत्री अनाथ केलेली मुलं, बदललेल्या ओळखी. मुलं न्यायला आलेल्यांपैकी बहुतेकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मीही धुतल्या तांदळाची नाही. ‘नशीब काढलंस गं!’ असं मी संस्थेत कितीतरी पोरींना म्हणाले आहे. सगळेच म्हणतात, स्वयंपाकवाल्या मावशींपासून साहेबांपर्यंत. आपल्याकडे मूल पोटचं असलं तरी त्यानं पांग फेडावेत अशी अपेक्षा असते. दत्तक मुलाच्या खात्यावर तर पहिल्या दिवसापासून देणंच मांडलेलं.

पुढच्या वेळी दोघं पालक बसले होते. मी त्यांना भिंतीवरचं वचन मोठ्यानं वाचायला सांगितलं. याकोबाच्या पत्रातलं ते. आपल्या मराठी बायबलात ‘अनाथ व विधवा ह्यांच्या संकटात त्यांचा समाचार घेणे’ असं आहे. लहानपणी मला त्याचं हसू यायचं, कारण आमची आई समाचार घ्यायची तो पाठीत धपाटा घालून. खरा अर्थ जाऊन विचारपूस करणं. उचलून घरी आणणं त्यात बसतं का, हा वाद मी पाळकांवर सोडते.

बाईंनी इंग्रजीत वाचायला सुरुवात केली. अनाथ आणि विधवा इथवर आल्या आणि थांबल्या. फ्रेमकडे पाहत राहिल्या. सहा वर्षं ते वचन त्या भिंतीवर होतं. मंगलची आई विधवा होती, हे त्यांना कागदांवरून माहीत होतं.

वडील जरा घुश्शातच म्हणाले, म्हणजे आता आभार मानणं बंद करायचं का? मी म्हटलं, देवाचे आभार तुम्ही दोघं खुशाल माना, पण झोपायच्या खोलीत. ताटावर तिच्याकडून वदवून घेऊ नका. आणि प्रार्थनेत एक माणूस वाढवा.

त्या रात्री त्यांनी ‘मंगलच्या आय-ईसाठी’ प्रार्थना केली. मंगलनं डोळे उघडून दुरुस्ती केली, ‘आई. आय-ई नाही.’ मग वडिलांना चारदा म्हणायला लावलं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर तुमची फसवणूक होईल. पुढचे तीन आठवडे ती जास्त रडली, भांडली, एक बशी फोडली. बाईंनी घाबरून मला अवेळी मेसेज केले. इतके दिवस जे दाबून ठेवलं होतं त्याला वाट मिळाली होती, ते बाहेर येणारच. उशीजवळ झाकणाचा डबा ठेवला, त्यात तिच्या आवडीचं खाणं, आणि तो कधी रिकामा राहणार नाही एवढं एकच वचन. महिन्याभरानं उशीखाली ब्रेड सापडेनासा झाला. डबा मात्र अजून आहे.

टोरांटोच्या बाई, तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी मिशिगनला नव्हती. तुम्ही मराठी बोलता. मुलीशी मराठीतच बोला, रागवायचं असलं तरी. संस्थेची परवानगी घेऊन ताईंशी ठरलेल्या दिवशी व्हिडिओ कॉल लावून द्या. ताईंसाठी रडते म्हणजे तिला माणसाचा लळा लागतो, तो तुमचाही लागेल. खाण्याचा डबा उघड्यावर ठेवा. फाईलमध्ये जे आहे ते तिच्या वयाला झेपेल तेवढं सांगत जा, नाही ते रचू नका. संडे स्कूलमध्ये मोशेची गोष्ट तुम्ही सांगतच असाल. फारोच्या मुलीनं त्याला पाण्यातून काढलं, पण दूध पाजायला बाई आणली ती त्याची जन्मदाती. त्या गोष्टीत दोघी आहेत, पुढच्या वेळी सांगताना दुसरीला घाईनं उरकू नका. आणि मुलगी स्वतःला इजा करू लागली, झोप-जेवण पार तुटलं, तर तिथल्या बालमानसतज्ज्ञांना लगेच दाखवा, माझ्या मेलची वाट पाहू नका.

मंगल आता नऊ वर्षांची आहे. मागच्या भेटीत तिनं विचारलं, आईला शोधता येईल का? मी नियम सांगितला. अठरा पूर्ण झाल्यावर तिला स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी पालकांनी बरोबर सही करायची. आईनं स्वतः स्वाधीन केलेलं मूल असलं की आईची मर्जीही विचारतात. ती नाही म्हणू शकते, हेही सांगितलं. तिच्या शेजारी मॉम बसली होती. मराठी कळत नव्हतं, तरी तिनं मंगलचा हात धरला. मंगलनं काढून घेतला नाही.

‘अजून नऊ वर्षं,’ मंगल बोटं मोजत म्हणाली. मग थोडा विचार करून, ‘तेव्हा एस.टी.त मला फुल तिकीट पडेल ना?’

मी म्हटलं, ‘नाही गं, 2023 पासून बायकांना हाफच आहे.’

‘आईला पण?’

‘आईला पण.’

ती मॉमकडे वळली आणि कंडक्टर म्हणजे कोण, ते तिला इंग्रजीत समजावून सांगू लागली.