वाचक विचारतात: सायकल एक, कामे दोन

प्रश्न: कामावर जाऊन-येऊन रोज १६ किलोमीटर आणि सुटीच्या दिवशी ६०-७० किलोमीटर चालवायची आहे. दुकानदार पुढे शॉकअप असलेली, जाड टायरची सायकल सुचवतो. घ्यावी का?

उत्तर: रस्ता डांबरी असेल तर नको. साध्या शॉकअपने वजन किलोभर तरी वाढते आणि चढावर उभे राहून पेडल मारताना निम्मा जोर तो खालीवर होण्यातच जिरल्यासारखा वाटतो. खड्ड्यांचे धक्के सोसायला ३५ मिमी रुंदीचा टायर पुरतो. तेव्हा साधा, बिनशॉकअपचा फोर्क (पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा) आणि ७००×३५ मापाच्या टायरची हायब्रिड, म्हणजे रोड आणि माउंटन सायकलच्या मधली सायकल, बघा. मागच्या चाकाच्या एक्सलजवळ (आसाजवळ) कॅरिअर आणि मडगार्डसाठी आटे पाडलेली भोके आहेत का, हे वाकून तपासा. नसतील तर बॅग कायम पाठीवर आणि शर्ट घामाने ओला!

गिअर किती हे विचारू नका, सर्वांत हलका गिअर कोणता ते विचारा. पेडलजवळची, म्हणजे पुढची, लहान चकती ३४ दात्यांची असेल तर मागची मोठी निदान ३४ ची हवी. मग सामानासकट चढ निघतो. ‘२१ गिअर’ हा आकडा नुसता स्टिकरवर शोभतो.

आता उंची. सीटवर बसून पेडल अगदी खाली आणा, त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. चालवताना चवडा ठेवला की गुडघा आपोआप थोडा वाकतो. सीट खाली राहिली तर गुडघा पुढून दुखतो, फार वर गेली तर मागून.