अर्धवट राहिलेलं बीकॉम पूर्ण होईल का?

प्रश्न: ताई, मी सातपूरला कंपनीत कामाला आहे, लग्न झालं आणि बीकॉम दुसऱ्या वर्षाला सुटलं, आता प्रमोशनसाठी डिग्री मागतायत. वय ३८. शिफ्ट सांभाळून जमेल का? आणि मुक्तची डिग्री चालते का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: अगं जमेल, नक्की जमेल! आणि तू तर नाशकातच आहेस, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्या गंगापूर धरणाच्या वाटेवर, १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांनाही शिकवतंय. वयाची अट नाही, रोज कॉलेजला जायचं नाही, पुस्तकं घरी वाचायची, परीक्षा मात्र सेंटरवर जाऊन द्यायची. डिग्री चालते, मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची डिग्री नेहमीच्या डिग्रीच्या बरोबरीची असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय.

आता आधी पेटीतली जुनी मार्कशीट काढ, घडीवर फाटली असेल तर चिकटपट्टी लावू नको, लॅमिनेशन तर नकोच, तशीच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेव. ती घेऊन अभ्यासकेंद्रावर जा आणि थेट दुसऱ्या वर्षाला घेतात का ते फी भरायच्या आधी विचार, उत्तर लेखी घे. नाहीच म्हणाले तर बारावीवर पहिल्यापासून सुरू कर, तीन वर्षं लागतील पण लागू देत गं. सेकंड शिफ्ट असते तेव्हा सकाळचा एक तास फक्त तुझा, घरात तसं सांगूनच टाक.